दाळ शिजवणारं पाणी

बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला तेव्हा गावाला पहिला प्रश्न पडला तो हा, की गुरुजी नेमकं काय खात होते?

लोणारजवळच्या आमच्या बीबी गावाकडच्या भागात कॅन्सर म्हणजे परीक्षेचा निकाल. तंबाखू, गुटखा, बिडी, दारू यांपैकी एखादा विषय घेतल्याशिवाय तो लागत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. बाबांनी तर यातला एकही विषय घेतलेला नव्हता. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने कवटी काढून खाली 'तंबाखू सोडा' असं लिहिलं होतं, आणि ती कवटी इतकी हसरी झाली होती की पोरं तिला नमस्कार करून वर्गात शिरत. लग्नाच्या पंगतीनंतर पानाचं तबक आलं की बाबा हात धुवायला म्हणून जे जात ते तबक पुढे गेल्यावरच परतत. चहासुद्धा ते कुणी पाहील की काय अशा बेताने पीत.

जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?"

"नाही."

"बिडी, सिगारेट?"

"नाही."

"आत्ता नाही, पण तरुणपणी कधी?"

"नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. लेक तरी खरं सांगेल असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, खरंच नाही हो. "असं होतं कधीकधी," ते म्हणाले, पण जरा नाराजीनेच. बाबांनाही ओशाळल्यासारखं झालं. डॉक्टरांचा एवढा वेळ घेऊन आपण त्यांना काहीच देऊ शकलो नाही, अशा चेहऱ्याने ते उठले.

गावाने मात्र हार मानली नाही. शाळेतले बाबांचे जोडीदार गुरुजी भेटायला आले. गालात तंबाखूची गोळी, ती सांभाळून बोलत त्यांनी सगळी विचारपूस केली आणि आई आत गेल्यावर खाट जवळ ओढून म्हणाले, "मले एकट्याले सांग बे. कवापासून खात होता?"

बाबांचा राग म्हणजे सहसा मिशीतल्या मिशीत, पण त्या दिवशी आवाज अंगणात ऐकू आला. "चोर सोडून संन्याशाले फाशी देतात हे ऐकलं होतं. तुम्ही तर फाशी झाल्यावर संन्याशाच्या झोळीत चोरीचा माल हुडकून राह्यले!"

जोडीदार गुरुजी दुखावले. बाहेर जाऊन त्यांनी पिंक टाकली आणि मला म्हणाले, "आजारपणात माणूस चिडचिड करतोच, बेटा." त्यांची तब्येत ठणठणीत होती आणि आजही आहे.

बाबांना चैन एकच होती, आमच्या अंगणातली हापशी.

तिचं महत्त्व कळायला आमच्याकडचं पाणी माहीत पाहिजे. लोणारचं तळं खारं आहे आणि आमच्या विहिरींनी जणू शेजारधर्म म्हणून तो खारटपणा वाटून घेतला होता. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि दाळ शिजत नाही. तुरीची दाळ सकाळी चुलीवर ठेवा, दुपारपर्यंत दाणे तसेच ताठ. त्यामुळे आमच्याकडे पाण्याची परीक्षा एकच: दाळ शिजते का? शिजली तर पाणी चांगलं, नाही तर वाईट. सोयरीक बघायला आलेले लोकसुद्धा मुलाच्या नोकरीच्या आधी हे विचारून घेत.

बाबांनी रस्त्याच्या कडेला जागा घेऊन घर बांधलं आणि अंगणात बोअर मारला. मशीन घेऊन देऊळगाव राजाहून मिस्त्रीचाचा आले होते. गढूळ पाणी निवळल्यावर त्यांनीच पहिली ओंजळ तोंडाला लावली आणि ओरडले, "गुरुजी, मीठा लगा! एकदम मीठा!" आईने त्याच पाण्यात संध्याकाळी दाळ लावली. ती अशी विरघळली की घोटायची गरज पडली नाही. बाबा वाटी घेऊन गल्लीभर दाखवत फिरले.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया हंडे घेऊन यायला लागल्या.

आमचं घर बौद्धांचं. हे आता वेगळं सांगायची गरज नाही असं लोक म्हणतात. पाण्याची गोष्ट निघाली की मात्र गरज पडते. आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक जुना आड आहे. बाबा लहान असताना सगळी गल्ली त्या आडावर पाणी भरायची. बाबांची आई कळशी घेऊन चौथऱ्याच्या खाली उभी राहायची, वरून कुणी ओतेपर्यंत. कुणाला सवड नसली की ऊन चढेपर्यंत उभी राहायची. तिच्या लुगड्याचं टोक धरून बाबा उभे असत. आता त्याच घरांतल्या सुना आमच्या अंगणात रांग लावून, आमच्या हापशीचा दांडा धरून पाणी भरत होत्या. बाबा ओट्यावर पेपर घेऊन बसत. तास तास त्याचं पान उलटत नसे.

आल्या नाहीत त्या एकट्या बाई. बाई म्हणजे त्या आडाच्या मालकीणबाई. नवरा गेलेला, मुलं शहरात, गावात त्या एकट्या. गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचं. स्वभावाने वाईट म्हणता येणार नाही. सीताफळं आली की आमच्याकडे टोपलीभर पाठवत. पण पाणी आपल्याच आडाचं. दाळीत सोडा टाकत, तासन् तास शिजवत, आणि बाबांनी विचारलं तर म्हणत, "आमच्या दाताले खाऱ्याची सवय हाय, मास्तर." याचा अर्थ त्यांनाही ठाऊक होता आणि बाबांनाही. बाबा हसून घेत. मग घरात येऊन म्हणत, "येतील एक दिवस. दाळीपुढं कोणाचं चालते?"

माझ्या बाबांना आयुष्यात फार काही नको होतं. बाईंनी एकदा आपल्या हापशीवर हंडा लावावा, एवढंच हवं होतं.

मग बीटी आली. बीटी कपाशीला फवारणीच लागत नाही असं सांगत बियाण्याच्या जाहिरातीची गाडी गावात फिरली, आणि पहिली काही वर्षं बोंडंही अशी लागली की लोकांनी मोटरसायकली घेतल्या. पुढे रस शोषणाऱ्या किडी आल्या, त्यांच्यासाठी फवारणी. मग गुलाबी अळी आली, तिच्यासाठी आणखी फवारणी. ज्या पिकाला फवारणी लागत नव्हती त्याच्यासाठी घरटी एक पंप झाला. आमचं अंगण संपलं की कपाशीच सुरू व्हायची.

आणि फवारणीचं औषध खाऱ्या पाण्यात नीट मिसळत नाही. त्याला गोड पाणी लागतं. म्हणजे सकाळी हंडे आणि नंतर फवाऱ्याचे पंप, दोन्ही आमच्याच हापशीवर. लोक तिथेच डबा उघडत, काडीने ढवळत, डबा खळबळून धूत आणि ते पाणी हापशीच्या बुडाशीच ओतत. खतांची पोती तिथेच झटकून धुवायची, म्हणजे त्यावर पापड वाळवायला मोकळं. आई कुरकुर करायची. बाबा म्हणायचे, "पाण्याले कोणाले नाही म्हणायचं नसते. नाही म्हणणारे आपण पाह्यले ना?"

ऑपरेशन होऊन बाबा घरी आले तेव्हा आईने त्यांचं पाणी आपल्या हातात घेतलं. आमच्याकडे आजारी माणसाला साधं पाणी देत नाहीत. पातेलंभर पाणी चुलीवर ठेवून निम्मं होईपर्यंत आटवायचं. ते पोटाला सोसतं म्हणतात. पहाटे आईची चूल पेटायची ती याच्यासाठी. पातेल्याला आतून एक काडी उभी लावून ती बघायची, पाणी बरोबर निम्म्यावर आलं का. मग गाळून, निववून तांब्यात भरायची. बाकीची औषधं डॉक्टरांची, हे औषध तिचं. महिनोन् महिने तिने त्यात खंड पडू दिला नाही.

मी तेव्हा देऊळगाव राजाच्या एका कॉलेजात, कार्यालयात नोकरीला होते. एसटीने जाऊन येऊन करायचे. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी मुलांकडून गावोगावचं पाणी गोळा करून मोठ्या शहरात तपासायला पाठवायचं ठरवलं. मी घरी सहज बोलले. बाबा खाटेवर उठून बसले.

"आपलंही ने. कागद मिळते ना त्याचा? शिक्क्याचा?"

"मिळतो."

"फ्रेम करून लावू हापशीजवळ." मग जरा थांबून, डोळे बारीक करून, "बाईच्या आडाचंही ने. फरक कळला पाह्यजे लोकायले."

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण त्या वेळी मला एवढंच दिसलं, की कितीतरी दिवसांनी बाबा हसले. मी बाटली घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी चौथऱ्यावरून बादली सोडली, मला म्हणाल्या, "ठेव खाली," आणि पायरीवर ठेवलेल्या बाटलीत वरून बरोबर धार धरली. एक थेंब बाहेर गेला नाही. हाताला जुनी सवय होती.

कागद यायला वेळ लागला. आला तेव्हा सरांनी मला स्टाफरूममध्ये न बोलावता बाहेर कडुनिंबाखाली बोलावलं. तरुण होते, वाईट बातमी द्यायची सवय नव्हती. आमच्या हापशीच्या पाण्यात आर्सेनिक आणि शिसं, दोन्ही प्रमाणाबाहेर. बाईंच्या आडात क्षार भरपूर, पण हे धातू नावाला.

"कुठून आलं हे?"

"खडकातून असेल. खतांतून, औषधांतून असेल. बोअर खोल, आड उथळ, म्हणून एकाला लागलं नि दुसऱ्याला नाही असंही असेल. नेमकं सांगता येणार नाही."

"बाबांचं दुखणं यानेच झालं का?"

"तेही सांगता येणार नाही. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर धोका वाढतो, इतकंच सांगता येतं."

दुसऱ्याच दिवशी सकाळी सर स्वतः घरी आले, बाबांना समजावून सांगायला. धातूला चव नसते, रंग नसतो, वास नसतो, असं सांगत होते. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं, एवढा शिकलेला माणूस काळजीत पडलाय, त्याला धीर द्यावा.

"यायले मी तसंच पाणी देत नाही, सर," ती म्हणाली. "आटवून देते. पातेल्याचं निम्मं करते."

सरांनी बाबांकडे पाहिलं, मग हातातल्या चहाच्या कपाकडे. "उकळल्याने जंतू मरतात," ते हळू म्हणाले. "धातू मरत नाहीत, काकू. पाणी कमी होतं. धातू तेवढाच राहतो."

आईला गणित कळायला एक क्षण लागला. ती गुरुजींची बायको होती. निम्मं पाणी, धातू तेवढाच. तिने पदर तोंडाला लावला. मला आयुष्यात कशाचा एवढा संताप आला नाही जेवढा त्या काडीचा आला, जी ती रोज पहाटे पातेल्यात धरून पाहायची.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "ते आटवलेलं कोण प्यायलं? मले त्याचा जळका वास यायचा. मी रोज त्या पेरूच्या झाडाले ओतत होतो."

आमचे बाबा कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. आईने खिडकीतून पेरूकडे पाहिलं. तो मागच्या उन्हाळ्यातच वाळून गेला होता. बुडाशी पाणी दिल्याची खूणसुद्धा नव्हती. ती सरांचा कप उचलून आत गेली.

सर गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, एक बरं झालं. आता गावाला सांगता येईल, तुम्ही तंबाखू खात नव्हता म्हणून."

"म्हंजे माह्या नावावरचा डाग पुसायचा आन पाण्याले लावायचा?"

दिवसभर ते त्या कागदाची घडी घालत आणि उलगडत राहिले. त्यांचं दुःख मला कळत होतं. गप्प बसावं तर लोक त्यांच्या झोळीत तंबाखू शोधणार, त्याचं त्यांना फार नव्हतं. पण बोलावं तर ज्या पाण्याने सगळं गाव त्यांच्या दारात आणलं, तेच पाणी त्यांना स्वतःच्या तोंडाने वाईट म्हणावं लागणार. गावात एकच माणूस त्या पाण्यापासून बचावला होता आणि त्याला वाचवलं होतं जातीने. विटाळ पाळून बाईंची तब्येत राखली गेली, हा विनोद बाबांना पचणं शक्य नव्हतं. मलाही पचला नाही.

संध्याकाळी ते म्हणाले, "माह्यं राहू दे. गल्लीतली लेकरं ते पाणी पेऊन राह्यली ना रोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत हापशीजवळ जाऊन उभे राहिले. बाया आल्या. बाबांनी वर्गात शिकवावं तसं सगळं सांगितलं: शिसं म्हणजे काय, आर्सेनिक म्हणजे काय, शरीरात कसं साठतं. बायांनी हंडे खाली ठेवून ऐकून घेतलं.

"पन गुरुजी," एक म्हणाली, "मंग दाळ काऊन शिजते?"

"दाळीचा याच्याशी संबंध नाही."

"खराब पान्यात कुठी दाळ शिजते का?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शिक्क्याच्या कागदापेक्षा शिजलेली दाळ त्यांना रोज दिसत होती.

तिसरीचा हंडा भरत आला होता. ती खाली मान घालून म्हणाली, "आजारपन आलं म्हनून आमचं पानी तोडून राह्यले का, गुरुजी? वाईट वाटून घेऊ नका, पन पान्याले कोनी नाही म्हनत नसते."

बाबांचंच वाक्य. ते काठीवर रेलून तसेच उभे राहिले. पाण्याला नाही म्हणणाऱ्यांच्या रांगेत आता ते स्वतः उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मला रडू यायला लागलं म्हणून मी आत गेले. आतून मला दांड्याचा आवाज ऐकू येत होता. बाया भरत होत्या.

मिस्त्रीचाचांना बाबांनीच निरोप धाडला. ते आले, कागद वाचता येत नव्हता म्हणून बाबांनी वाचून दाखवला. "माह्या हातचा सगळ्यात भारी बोअर होता, गुरुजी," चाचा म्हणाले, आणि पाना लावून दांडा सोडवला. गल्लीत बोभाटा झाला. गुरुजींना शेवटी शेवटी माज आला, असंही कुणीतरी म्हणालं. काही जण जारचं पाणी विकत घ्यायला लागले, बाकीचे मुकाट्याने बाईंच्या आडावर गेले. सोड्याची पाकिटं परत खपायला लागली.

आम्हीही जारच आणत होतो. एका दुपारी बाई रस्ता ओलांडून आमच्या अंगणात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दांडा नसलेल्या हापशीशी थांबल्या, तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

"मास्तर, माह्या आडाचं बरं निघालं म्हने. मंग घरात विकतचं काऊन आनता?"

बाबा म्हणाले, "पोरगी नोकरीवर जाते. हिचे गुडघे दुखते. तिथं आम्हाले काढून कोण देईल, बाई?"

बाई मग म्हणाल्या, "काढून कोन देते आता? दोर हाय, बादली हाय. तुमीच काढा."

बाबा लगेच उठले. आई नको नको म्हणत होती तरी कळशी घेऊन निघाले. चौथऱ्याच्या खाली, जिथे त्यांची आई उभी राहायची, तिथे ते थांबले. पायरी चढायला दम लागतोय असं मी धरून चालले. मग वर चढले. बादली सोडली. ओढताना बादली अर्ध्यावर अडली तसा आईने मागून दोर धरला, आणि दोघांनी मिळून ती बादली वर घेतली. मी कळशी धरली. परत येताना मागे पाणी आपटल्याचा आवाज झाला. बाई चौथऱ्यावर बादली ओतत होत्या. चिखल झाला असेल, तो धुतला असेल. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

आईने त्या पाण्यात दाळ लावली. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून दिलं, सोडा टाकला, तरी दाणे ताटात गोट्यांसारखे घरंगळत होते.

"कच्ची राह्यली," आई म्हणाली.

"हाव," बाबा म्हणाले. एक दाणा दाताखाली फोडून त्यांनी सावकाश चावला. "माह्या मायनं जन्मभर अशीच खाल्ली. तेही कोणी वरून वतलं तर. वाढ अजून."

त्या दाळीवर बाबा कपाशीचे दोन हंगाम जगले.

ते गेले त्या दिवशी अंगणात सगळं गाव होतं. जोडीदार गुरुजी हापशीच्या ओट्यावर बसले होते, डोळे पुसत होते, मनापासून पुसत होते. मला जवळ घेऊन म्हणाले, "लई भला माणूस होता, बेटा. पण शेवटपर्यंत सांगितलं नाही त्यानं, काय खात होता ते."

"दाळ," मी म्हटलं. "कच्ची."